वरच्या नावाची बोली

केजच्या बाजारपेठेत गुरुलिंग आणि मृत्युंजय या सख्ख्या भावांमधून विस्तव जात नव्हता. त्याला कारण घडलं एकच वाक्य, आणि तेही चारचौघांत बोललेलं.

बाप गेला, वाटणीला पाच माणसं बसली. बापाचं नीळकंठ वस्त्र भांडार म्हणजे बाजारातलं जुनं, नावाजलेलं दुकान. थोरला गुरुलिंग सगळ्यांदेखत म्हणाला, "दुकान मी ठेवतो. ह्याच्या तोंडानं गिऱ्हाईक टिकत न्हाई. ह्याला युसूफ वडगावचं शेत द्या."

आता खरं सांगायचं तर ते खोटं नव्हतंच. बायकांनी दहा लुगडी उलगडायला लावून एकही न घेता उठावं, की मृत्युंजय मागून खेकसायचा, "फुकटचं बघायला शिनिमा हाय का हिथं?" पण खरं बोललेलं जास्त झोंबतं. तो ताडकन उठला. "आण्णा, ह्याच बाजारात माझ्या दारात हात जोडून उभा ऱ्हाशील. तवर तुझं तोंड बघनार न्हाई." आणि चपला घालून चालता झाला.

शेत त्यानं बटईनं दिलं. लातूरला जाऊन कम्प्युटर शिकला. इंटरनेट तेव्हा नुकतंच तालुक्याला पोचलं होतं, जिकडेतिकडे त्याचंच कौतुक. मृत्युंजयनं मुद्दाम भावाच्या दुकानासमोरचा गाळा घेतला आणि वेबसाइट काढली, 'बीड व्यापार दर्शन'. जिल्ह्यातल्या दुकानांची यादी, नाव, पत्ता, फोन. ज्याला यादीत यायचं त्यानं वर्षाचे पैसे भरायचे.

लोकांनी टवाळी केली. "आमचं गिऱ्हाईक यष्टीनं येतंय बे, तारेतून न्हाई!" सहा महिने गाळ्यात माशा मारायची पाळी आली. समोर गुरुलिंगच्या दुकानात लग्नाच्या बस्त्याची गर्दी, आणि इकडे हा दात खात बसलेला.

त्याचं नशीब उघडलं ते दिंद्रुडच्या दोन खतवाल्यांमुळे. बंकट आणि मोहनराव, चुलतभाऊ, समोरासमोर दुकानं, एकमेकांना पाण्यात बघणारे. बंकटनं गंमत म्हणून पैसे भरले, मागोमाग मोहनरावानं भरले. यादी बघायला मोहनराव केजला आला आणि पडद्यापुढंच त्याचं डोकं सणकलं.

"माझं नाव त्याच्या खाली? कावून?"

"त्यांनी आधी भरले."

"मग दुप्पट घ्या, पर त्या कुत्र्याच्या वर घ्या मला!"

घेतलं वर. आठवड्यात बंकट हजर, तिप्पट घेऊन. त्या दिवशी मृत्युंजयला जे कळलं ते लातूरच्या मास्तरला कळलं नसतं. दुकानदाराला गिऱ्हाईक मिळो न मिळो, वैऱ्याच्या डोक्यावर पाय मिळाला पाहिजे. जत्रेत मानाच्या नारळाची बोली लागते ना, तशी त्यानं दर पाडव्याला वरच्या नावाची बोली लावली. कापडाची वेगळी, खतांची वेगळी, सोन्याचांदीची वेगळी. मोठी सतरंजी, चहा, आणि मध्ये हा सुपारी कातरत बसलेला.

आणि जीभ तर काय, तीच जुनी कुसकी जीभ आता दुभत्या म्हशीसारखी कामाला आली. किराणावाल्या शहादेवला हळूच म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या शहादेवराव, तुमचे साडू लई पुढं गेले. तुमच्यानं झेपायचं न्हाई." झालं! शहादेव बोली वाढवून मोकळा. कडा गावापासून दिंद्रुडपर्यंत जिथं जिथं भाऊबंदकी तिथं तिथं मृत्युंजयचं गिऱ्हाईक, आणि या जिल्ह्यात भाऊबंदकीला काय तोटा? तीन वर्षांत वर माडी चढली, दारात मारुती आली. यादी बघायला बाहेरचं माणूस येतं की नाही, देव जाणे. दुकानदार मात्र दर आठवड्याला यायचे, स्वतःचं नाव बघायचे, खालच्या वैऱ्याचं नाव बघून समाधानानं मिशीवरून हात फिरवायचे आणि कम्प्युटरपुढं बसण्याचेही पैसे देऊन जायचे.

एकटा गुरुलिंग आला नाही. दर पाडव्याला मृत्युंजय एक डोळा बोलीवर आणि एक डोळा रस्त्यापलीकडे ठेवून बसायचा. पलीकडे गुरुलिंग भस्माची बोटं ओढून गादीवर बसलेला असायचा, मान वर करून बघायचासुद्धा नाही. यादीत नाही म्हणून त्याचं काही अडतही नव्हतं. मृत्युंजयच्या मस्तकात तिडीक गेली. एवढा पैसा आला, सगळा बाजार दारात आला, आणि हा एक माणूस येत नाही? आग लागो त्या पैशाला!

त्या रागात एका दुपारी त्यानं फुकटात भावाचं नाव यादीत घातलं आणि पुढं लिहिलं: 'नीळकंठ वस्त्र भांडार, केज. दुकान वाढवले आहे.'

दुकानदाराच्या घरात वाढलेलं माणूस 'दुकान बंद' असं कधी म्हणत नाही. अभद्र. फळ्या लावल्या की दुकान वाढवलं म्हणायचं, जशी बांगडी फुटत नाही, वाढवते. भावाचं दुकान कायमचं बुडालं असं जगाला सांगायला बसला हा, पण बापाच्या दुकानापुढं 'बंद' लिहायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. बाजारातल्या सगळ्यांनी ती ओळ वाचली, बरोब्बर अर्थ लावला आणि खदखदून हसले. गुरुलिंगच्या कानावर गेली. त्यानं समोरच्या गिऱ्हाइकापुढं पुढचं लुगडं उलगडलं.

त्याच सुमाराला गुरुलिंगच्या लेकीला, रुचिकाला पुण्याचं स्थळ आलं. मुलगा कम्प्युटर कंपनीत, बाप रिटायर नोकरदार. पसंती झाली, सुपारी फुटली. पोरगी हरखून गेली होती. आणि एक दिवस त्या मुलानं हौसेनं सासऱ्याच्या दुकानाचं नाव कम्प्युटरवर शोधलं.

पुढच्या रविवारी व्याही केजला दाखल. "अहो गुरुलिंगराव, दुकान वाढवलंत आणि आम्हाला पत्ता नाही! इंटरनेटवर वाचलं. किती वाढवलंत? आता लग्न दुकानाला शोभेलसं झालं पाहिजे. पुण्यात करायचं, मुलाला गाडी, सोनंही जरा मोकळ्या हातानं."

गुरुलिंग काय सांगणार? वाढवलं म्हणजे मोठं केलं नाही, बुडालं, आणि ते माझ्याच पाठच्या भावानं लिहिलं, असं? बायको नीलाबाईनं त्याच्याकडं बघितलं, त्यानं पोरीच्या तोंडाकडं बघितलं, आणि मान डोलावली.

ही बातमी शहादेवनं आणली तेव्हा मृत्युंजय खुर्चीवरून पडायचा राहिला. "पुण्याचे लोक म्हनं! मराठी येत न्हाई व्हय रे त्यांना?" हसून हसून डोळ्यांना पाणी आलं. आता येणार आण्णा! ती ओळ काढ म्हणून पाय धरणार! काय बोलायचं ते त्यानं मनात घोळवून ठेवलं. "ह्या तोंडानं गिऱ्हाईक टिकत न्हाई म्हनला व्हतास ना?" इथून सुरुवात करायची.

आणि आला की गुरुलिंग. भर बाजाराच्या दिवशी, उन्हात, रस्ता ओलांडून आला आणि मृत्युंजयच्या दारापुढं हात जोडून उभा राहिला. दुकानं सोडून माणसं गोळा झाली. मृत्युंजय उठून उंबऱ्यात आला.

"बोला. काय पायजे?"

"ती ओळ काढू नको," गुरुलिंग म्हणाला.

"आं?"

"लगीन होईस्तोवर ऱ्हाऊ दे. पावणे तीच वाचून भरोसा ठिवून हायेत. लई उपकार होतील."

"आन त्यांचं मागनं? गाडी, सोनं? कशातून करनार?"

"केलं. दुकान दिलं मी दिंद्रुडच्या बंकटला. सोमवारी त्याची पाटी लागंल."

गर्दीतून एक हुंकार उठला आणि विरला. मृत्युंजयनं मनात घोळवलेलं एक अक्षर तोंडात येईना. आलं ते भलतंच, आणि ओरडूनच आलं. "आपल्या आप्पाची गादी इकली? मला न इचारता? आरं, माझ्याकडं पैसा कुजतोय! मी घेतलं आस्तं दुकान, तुलाच बसवलं आस्तं गादीवर!"

"तुझ्या दुकानात बसन्यापरीस बंकटला दिलेलं बरं," गुरुलिंग शांतपणे म्हणाला.

"आण्णा..." किती वर्षांनी तो शब्द त्याच्या तोंडून निघाला. "लग्नात मी उभा ऱ्हातो. चुलता हाय मी तिचा. पोरीला खांद्यावर घिऊन जत्रा दाखवली मी. पत्रिकेत..."

"पत्रिका छापून आली. तुझं नाव न्हाई तिच्यात." गुरुलिंगचे हात अजून जोडलेलेच होते. "पावण्यांपुढं तुझं तोंड उघडलं तर माझ्या पोरीचं वाटोळं होईल. तू येऊ नको. ह्येच मागायला हात जोडलेत."

मग तो वळला, आणि तसेच हात जोडून गर्दीकडं बघत म्हणाला, "शहादेवराव, रुचिकाचं लगीन हाय, तुमी यायचं. मोहनराव, वहिनींना घिऊन यायचं. लेकराबाळांसकट यायचं, आवतन हाय." बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो दुकानादुकानापुढं थांबत गेला, प्रत्येकाला नाव घेऊन बोलावत गेला. मृत्युंजय उंबऱ्यात उभा राहून शेवटच्या दुकानापर्यंत ती नावं ऐकत राहिला.