मी चारीला आणलेलं पाणी

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, गेल्या उन्हाळ्यात एका गुरुवारी दुपारी तीन वाजता, इंदापूर तालुक्यातल्या कळस गावच्या चारीला, म्हणजे रानापर्यंत जाणाऱ्या कालव्याच्या छोट्या फाट्याला, पाणी आलं. हे पाणी पाटबंधारे खात्यानं सोडलं नव्हतं, एकाही शेतकऱ्यानं ते पाहिलं नाही आणि त्यानं उसाची एक सरीसुद्धा भिजली नाही. ते मी आणलं होतं. तिथून पंचवीस-तीस किलोमीटरवर, बारामतीच्या कंपनीत मशीनपाशी उभा राहून, निव्वळ तोंडानं.

आमची कंपनी द्राक्ष-डाळिंबांची खोकी बनवते. मी त्या खोक्यांना तारेच्या पिना मारतो. फळांचा हंगाम सुरू झाला की खोकी पुरत नाहीत, आणि मग ओव्हरटाइम येतो. आमच्याकडं ओव्हरटाइमची सक्ती अजिबात नाही, हे मी कंपनीच्या बाजूनं आवर्जून सांगतो. तो ऐच्छिक आहे, असा कागदच नोटीस बोर्डावर लावलाय. त्या कागदाच्या शेजारी, ज्यांची इच्छा झाली त्यांच्या नावांची यादी लागते. सकाळी सातला. त्यामुळं दुपारी साडेतीनला आपल्याला काय इच्छा होणार आहे, ते आपल्याला सकाळीच वाचायला मिळतं.

यादी करणारे साहेब माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. कोऱ्हाळ्याच्या ऊसवाल्या घरातला मुलगा, आवाज इतका मऊ की खोकी त्यानंच चिकटवावीत. ते कधी ओरडत नाहीत. तीन वाजता स्वतःच्या हातानं चहा घेऊन येतात, आणि तुम्ही पहिला घोट घेतलात की म्हणतात, सातपर्यंत थांबताय ना. नाही म्हणणाऱ्याला ते काहीही करत नाहीत. अकरा महिन्यांचं कंत्राट संपलं की त्या माणसाला पुन्हा बोलावण्याचा फोन येत नाही, एवढंच. माझं कंत्राट त्याच महिनाअखेर संपत होतं.

तरीही सुटकेच्या वाटा होत्या. मयत, दवाखाना आणि पाण्याची पाळी. मयतीचा माझा साठा संपला होता. एका चुलत्यांना मी दोनदा मारलं होतं, आणि दुसऱ्या खेपेनंतर आठच दिवसांनी ते एका लग्नात साहेबांच्याच पंगतीला बसून बुंदी मागून घेत होते. दवाखान्याला कागद लागतो. उरलं पाणी. पाण्याला कागद लागत नाही. पाळीचे तास ठरलेले असतात, त्या वेळी बांधावर माणूस नसला तर पाणी पुढच्याच्या रानात जातं आणि आपलं पीक पुढच्या पाळीपर्यंत आभाळाकडं बघत बसतं. आमच्याकडचा माणूस सख्ख्या बापाच्या आजारपणावर दोन प्रश्न विचारेल, पाण्यावर विचारणार नाही.

आता खरं कारण सांगतो. माझ्या मुलीला हैदराबादच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. त्या गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला इंदापूरच्या स्टँडवरून तिची गाडी होती. तिचं बस्तान बसवून द्यायला तिची आईही आठवडाभर सोबत निघाली होती. ही पोरगी कधी काही मागत नाही. बुधवारी रात्री बॅगेची चेन ओढताना मात्र, माझ्याकडं न बघता, म्हणाली, पप्पा, तुम्ही स्टँडवर या. मी म्हटलं, येतो म्हणजे काय, नाचत येतो. साडेतीनला सुटलो तर मोटरसायकलवर पाचच्या आत पोचत होतो.

हे साहेबांना सरळ का सांगितलं नाही, असं तुम्ही विचाराल. आमच्या लाइनवरच्या एकानं एकदा सरळ सांगितलं होतं. मुलीच्या शाळेचं गॅदरिंग आहे, ती त्यात झाड झालीय. साहेब गोड हसले, तो सातपर्यंत थांबला, आणि तेव्हापासून त्याला सगळी कंपनी झाड म्हणते.

तर तीन वाजले, चहा आला, मी घोट घेतला आणि चेहऱ्यावर शेतकऱ्याची काळजी आणली. म्हटलं, साहेब, आज चार वाजता आमच्या पाण्याची पाळी आहे, बांधावर कुणी नाही. काय बोललो! मोटरीला सकाळपासून लाइट नाही, ऊस कसा पिवळा पडलाय, शेजारी कसा टपून बसलाय, सगळं रंगवलं. शेजारच्या मशीनवरच्या माणसानं हळहळून मान हलवली. साहेबांचे डोळे ओले व्हायचेच बाकी होते.

आणि इथं मी ती चूक केली, जी फक्त आमच्या दोन तालुक्यांतला माणूस करू शकतो. साहेब बारामतीकडचे, त्यांचा कालवा वेगळा, आपली चारी त्यांना काय माहीत, असं मी धरून चाललो. सोयरिकीचा विचारच केला नाही. साहेबांची थोरली बहीण आमच्याच चारीच्या शेवटच्या टोकाला दिलेली होती.

“आमच्या दाजींचीबी पाळी आसंल मग,” ते आनंदानं म्हणाले आणि त्यांनी फोन लावला. स्पीकरवर. साहेबांजवळ फोन असतो, आमचे गेटवरच्या कप्प्यात.

दाजींना प्रश्न कळायलाच वेळ लागला. मग ते म्हणाले, “पाणी? आरं, चारीत शेळ्या बसल्यात सावलीला. म्हैना झाला थेंब न्हाय.”

लाइन हसली. सगळ्यांत आधी मीच हसलो, कारण नाटक पडलं की नटानं आधी हसावं, म्हणजे लोकांना दगड शोधायला वेळ मिळत नाही. हसून झाल्यावर मी खरं सांगितलं. मुलगी, हैदराबाद, साडेपाचची गाडी. जन्मात पहिल्यांदा कुठलाही रंग न लावता बोललो, आणि तेच माझं सगळ्यांत वाईट काम ठरलं.

“तात्या,” साहेब मऊ आवाजात म्हणाले, “आदी पाणी, आता पोरगी. जरा येळानं काय काढताय?”

मी शपथ घेतली. शपथ मी मागं चुलत्यांच्या वेळीही घेतली होती, ते त्यांना आठवत होतं. माझ्या मशीनवर येणारा दुसऱ्या पाळीचा माणूसही त्या दिवशी येणार नव्हता, आणि बदली आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, हा नियम खराच आहे. तसंच उठून चालू पडता आलं असतं. गेट उघडंच होतं. पण महिनाअखेरही उघडीच दिसत होती.

साडेतीनला भोंगा झाला. मी पिना मारत राहिलो. साडेचारला हिशोब केला, आता निघालो तर गाडी हाणत पोचेन. पाचला तो हिशोब संपला. साडेपाच वाजले तेव्हा माझ्या हातात डाळिंबाचं खोकं होतं. त्याला पिना चार लागतात, मी सात मारल्या.

पावणेसहाला गेटवरचा वॉचमन आत आला. माझा फोन कप्प्यात सारखा वाजत होता म्हणून शेवटी त्यानं उचलला होता. त्यानं निरोप सगळ्यांदेखत सांगितला. गाडी गेली. मुलीनं ड्रायव्हरला हातापाया पडून दहा मिनिटं थांबवून ठेवली होती. मग लोक ओरडायला लागले, तेव्हा दोघी मायलेकी बसल्या. पप्पांना म्हणावं काळजी करू नका, आईचं सामानही नीट चढलंय.

साहेब शेजारीच उभे होते. त्यांचा चेहरा खरोखर पडला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच राहू दिला. मला वाटलं, आता म्हणतील, जावा घरी. त्यांना मनापासून माझ्यासाठी काहीतरी करायचं होतं, हे मी आजही सांगेन. त्यांच्या डोळ्यांत काही तरी सुचल्यासारखं झालं, आणि ते बोलून गेले,

“तात्या, मग आता रातपाळीबी काढा की. घरी हाय कोण वाट बघायला?”