माझ्या मापाचा कर्नल

मुरुमच्या आमच्या वाचनालयातले सात संगणक मी मिळवले. हे आधीच लिहून ठेवतो, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही. एका कॉलेजनं ते भंगारात काढले होते. मी पत्रकं छापली, फाटकासमोर तीन दिवस ठाण मांडलं, तेव्हा कुठं ते टेम्पोत चढले.

कौतुक मात्र झालं वाचनालयात येणाऱ्या एका पोरीचं. ती उमरग्याची, वडलांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज, स्वतः संगणकशास्त्र शिकणारी. सातही यंत्रं रेंगाळत चालू व्हायची, म्हणून तिनं त्यांच्यासाठी कर्नल नव्यानं बांधला. कर्नल म्हणजे संगणकाचा गाभा. आधी तो उठतो, मग बाकीच्यांना कामाला लावतो. तिनं नको ते भाग काढले आणि कर्नल बांधून देणाऱ्या प्रोग्रॅमला, कंपाइलरला, एक फ्लॅग दिला, म्हणजे सूचना: आकार लहान ठेव. यंत्रं झटक्यात सुरू व्हायला लागली.

वाचनालय चालवणारे निवृत्त गुरुजी म्हणाले, "पोरीच्या हाताला लई गुण हाय."

"गुरुजी, पण यंत्रं आणली कुणी?"

"व्हय की, तू आणलीस," म्हणाले आणि परत तिच्याकडं वळले.

ते "व्हय की" मला आठवडाभर बोचत राहिलं.

रविवारी वाचनालयाची कार्यकारिणी बघायला येणार होती. संगणक चालले तर खोली संगणकांना, नाहीतर तिथं मांडवाच्या खुर्च्या ठेवणार. खोलीची किल्ली कुणाकडं द्यायची, तेही तेव्हाच ठरणार होतं. मला ती किल्ली हवी होती. लढलो मी होतो.

म्हणून तिच्यापेक्षा वेगवान कर्नल बांधायला मी माझ्या नव्या लॅपटॉपवर बसलो. इंटरनेटवर एक जण छातीठोक सांगत होता, 'नेटिव्ह'चा फ्लॅग टाका, प्रोसेसरची सगळी ताकद वापरली जाते. टाकला. लॅपटॉपवर चालवून बघितला, पळाला. शनिवारी दुपारी तो सातही यंत्रांवर चढवला आणि तिचा पुसला. पुसायची काही गरज नव्हती. दोन्ही राहिले असते. पण तिचा तिथं दिसायलाच नको होता मला.

पहिलं यंत्र चालू केलं. पडदा काळा. दुसरं, काळा. सातव्यापर्यंत तेच.

तिला फोन केला. तासाभरात ती बसनं आली.

"कशावर बांधलास?"

"माझ्या लॅपटॉपवर."

"आणि नेटिव्ह टाकलंस?"

"सगळ्यात वेगवान तेच हाय म्हणं."

"तुझ्या लॅपटॉपवर! नेटिव्ह म्हणजे ज्या यंत्रावर बांधतोस, त्याला जे जे जमतं ते सगळं वापर. ह्या म्हाताऱ्यांना त्यातल्या निम्म्या आज्ञा कळत न्हाईत. पहिल्याच आज्ञेला बसतात मटकन." मग तिनं भिंतीकडं बोट केलं. तिथं माझंच पत्रक चिकटवलेलं होतं. "वाच की. मोठ्यानं वाच, पुढाऱ्या."

'शहरातल्या मापानं शिवलेल्या योजना आमच्या अंगाला बसत नाहीत.'

मी वाचलं नाही. तिनं वाचलं, अगदी माझ्या सभेतल्या आवाजात, आणि हसली.

तिचा कर्नल पेनड्राइव्हवर होता. तिनं तो एकेका यंत्रावर परत चढवला. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी शेजारी उभा राहून तिची बोटं बघत होतो आणि चूक माझी असूनही जळत होतो.

रविवारी सातही चालले. कार्यकारिणीसमोर गुरुजींनी विचारलं, "चालवले कुणी?"

"दोघांनी," ती म्हणाली.

ही भीक मला नको होती. "गुरुजी, हिनं चालवले. मी काल सगळे बंद पाडले होते."

गुरुजींनी किल्ली तिच्या हातात दिली.

आता रोज ती उमरग्याहून येईपर्यंत मी वाचनालयाच्या पायरीवर बसतो. तिला उशीर झाला की राग येतो. वेळेवर आली की जास्त येतो.