चिकाचे कपडे

आमच्या घरात खाज नेमकी कधी आली, ते कुणालाच सांगता येणार नाही. आधी यांच्या कमरेला एक गोल चट्टा उठला, मग पाठीवर, मग माझ्या परकराच्या नाडीखाली. नायटा म्हणायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. यावलच्या बाजूला केळीच्या बागेत राबणाऱ्या माणसाला घाम आणि ओल यांचं काय कौतुक? हे औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणायचे. डॉक्टरची चिठ्ठी नाही, काही नाही; ‘खाजेची द्या’ एवढंच. ती लावली की खाज पटकन थांबायची आणि खाज थांबली की ट्यूब खिडकीत जाऊन पडायची. थोड्याच दिवसांत चट्टा पुन्हा हजर, पहिल्यापेक्षा मोठा. एकच ट्यूब दोघांत फिरत होती. मी इतकी वैतागले होते, की चारचौघांत बसायचंच टाळू लागले.

लेक धुळ्याला दिलेली. दिवाळीला आली, माझ्याच अंथरुणात माझ्याजवळ झोपली आणि मानेवर चट्टा घेऊन सासरी गेली. तिकडच्या डॉक्टरनं तिचा तो बरा केला. पुढे तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच असतं, त्यात विचारायचं काय? सातवा लागल्यावर न्यायला कधी येऊ, असं मी फोनवर विचारलं. लेकीच्या हातून तिच्या सासूबाईंनी फोन घेतला.

“विहीणबाई, राग नका मानू. तुमना घर बठ्ठासले खाज शे. ल्हान जीव ऱ्हाई, त्याले लागनी तं? बाळंतपण आठेच करी लेऊत.” म्हणजे आमच्या घरात सगळ्यांनाच खाज, म्हणून बाळंतपण तिकडेच, धुळ्याला.

मी लेकीला पुन्हा फोनवर बोलावलं. ती म्हणाली, “आई, तुमची खाज गेली की मी लगेच येते. पण गेली तरच.” ती खरं बोलत होती, म्हणून जास्त लागलं. फोन ठेवला आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. रडतानाही एक हात कंबर खाजवत होता, त्याची मला भारी चीड आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं जळगावला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आधी ट्यूब मागितली, उलटसुलट करून वाचली आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. बुरशीच्या औषधात स्टेरॉइड मिसळलेलं होतं. त्यानं खाज दबते, पण बुरशी पसरत राहते आणि कातडी पातळ होते. माझ्या कमरेवर पांढरट रेघा उठल्या होत्या, त्या त्याच्याच. “या आता पूर्ण जाणार नाहीत,” बाई म्हणाल्या. वाईट वाटलं, पण खोटा धीर दिला नाही हे बरं केलं.

नवीन क्रीम दिलं, सोबत गोळ्या. दोघांना वेगळ्या ट्यूबा. अंग धुऊन अगदी कोरडं करायचं, मग पातळ थर लावायचा. चट्ट्यावरच नाही, त्याच्या कडेबाहेर बोटभर. वर पट्टी आवळायची नाही, लावून झालं की हात साबणानं धुवायचे. फार आग झाली किंवा फोड आले तर बंद करून फोन करायचा. आणि चट्टा दिसेनासा झाला तरी आणखी दोन आठवडे लावत राहायचं. “सगळे चुकतात ते इथेच,” असं बाई यांच्याकडे बघून म्हणाल्या. यांनी शहाण्यासारखी मान हलवली.

मग रोज सकाळ-संध्याकाळ माझ्यामागे तेच. यांचा हात पाठीवर पोचत नाही, त्यामुळे ते कामही माझंच. दिवसभर घरचं करून संध्याकाळी नवऱ्याच्या पाठीवर कडेबाहेर बोटभर मोजत बसायचं. मला माझ्याच घराचा कंटाळा आला होता. माझे चट्टे सुकत चालले. यांचे मात्र जिथल्या तिथे.

पुन्हा जळगाव. हे नेहमीप्रमाणे इस्त्रीचा पांढरा शर्ट-पायजमा घालून बसलेले. बाईंनी पाठ बघितली, मग शर्ट बघितला.

“शेतात हेच घालता?”

हे हसले. “हे कसे घालीन? हे त जयगावले यायचे कपडे आहेत. तिथं चिकाचे कपडे.”

केळीचा घड कापताना जो चीक अंगावर पडतो, त्याचा काळा डाग जन्मात निघत नाही. म्हणून आमच्याकडे घरोघरी एक जुना जोड चिकासाठीच ठेवलेला असतो. तो खुंटीला टांगायचा आणि सकाळी परत अंगात चढवायचा. हे मी बाईंना समजावून सांगितलं.

“आणि धुता कधी?”

यांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या पंख्याकडे. डाग निघतच नाही तर धुवायचं कशाला, हा आमच्या अख्ख्या शिवाराचा हिशेब. म्हणजे मी संध्याकाळी औषध लावत होते आणि हे सकाळी घामाचा, बुरशीचा तोच ओलसर सदरा त्याच पाठीवर चढवत होते. मला हसूही आलं आणि डोकं आपटून घ्यावंसंही वाटलं.

त्या दिवसापासून रोज बंबातलं कढत पाणी. चिकाचे जोड दोन केले; एक अंगावर, एक उलटा करून उन्हात. पंचे वेगळे, चादरी उकळलेल्या. ऊन तेवढं आमच्याकडे फुकट आहे. शेजारीण विचारायची, “काय वो, डाग काहाडू राह्यली का?” मी हो म्हणायची. समजावून सांगायचं त्राण कुणाला होतं?

यांची पाठ हळूहळू साफ झाली. लगेच सुरू, “गेलं ना वो आता, कितीक लावशीन?” दोन आठवडे रोज हेच भांडण. “लेक हवी आहे का नको?” एवढंच मी विचारायची. मग मुकाट्यानं पाठ करून बसायचे. शेवटी बाईंनी तपासून आता बंद करा म्हटलं आणि मी धुळ्याला फोन केला.

जावई तिला गाडीनं सोडायला आले. ती अंगणात उतरली, पण पायरी चढेना. पोटावर हात ठेवून उभी राहिली.

“आबा,” ती कशीबशी म्हणाली, “पाठ दाखवता?”

हा माणूस नुसत्या बनियनवर कधी ओट्यावर येत नाही. मला वाटलं, आता चिडतात.  हे जावयासमोर, रस्त्याकडे पाठ करून वळले आणि शर्ट वर धरला. पाठीवर फिके काळसर वण राहिले होते, बाकी काही नव्हतं. लेकीनं नीट बघितलं. तिचे डोळे भरले, पण बघणं थांबवलं नाही. मला तिचा राग आला नाही. ती आई झाली होती.

हे शर्ट तसाच धरून उभे होते. “कमरेलेबी पाहून घे, माय,” म्हणाले.

“नको, आबा.” तिनं स्वतःच्या हातानं त्यांचा शर्ट खाली ओढला, नीट केला आणि घरात गेली. मी पिशवी उचलायला म्हणून वाकले आणि तिथेच पायरीवर बसून राहिले.