औंढेकर सरांची सदतीस खोकी

विश्वंभर औंढेकर सर गेल्यावर दीड वर्षाने त्यांची लेक अपर्णा पुण्याहून टेम्पो घेऊन हिंगोलीला आली. टेम्पोत सदतीस खोकी होती. सरांनी आमच्या कॉलेजात एकतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं होतं, आणि आयुष्यभराचे कागद याच कॉलेजला द्यावेत असं लिहून ठेवलं होतं. मी तेव्हा तिथेच मराठी शिकवत होतो, म्हणून पुढचं सगळं मला जवळून माहीत आहे.

प्राचार्यांनी अपर्णाला शाल-श्रीफळ दिलं. ती गेल्यावर ग्रंथालयातल्या कालिंदीताईंना म्हणाले, "ठेवा कुठंतरी सध्या."

कालिंदीताई ग्रंथालयात सहायक होत्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्यांचे वडील औंढ्याच्या देवळात पूजेला असायचे. अर्धांगवायू झाल्यावर कालिंदीताईंनी त्यांना हिंगोलीला आणलं आणि अकरा वर्षं सांभाळलं. लग्न झालं नाही. भावांच्या बैठकीत ते दोनदा ठरलं आणि दोनदा मोडलं. दोन्ही वेळा त्या आत चहा करत होत्या. कॉलेजात प्रत्येक सभेचं इतिवृत्त त्याच लिहायच्या. अक्षर सुंदर होतं. पण तीस वर्षांच्या त्या वह्यांत "कालिंदीताई म्हणाल्या" असं एकही वाक्य नव्हतं.

दिवाळीनंतर कॉलेजात तपासणी समिती यायची ठरली आणि खोल्या रिकाम्या करायचा विषय निघाला. सभेत कोणीतरी म्हणालं, "ती खोकी रद्दीत घाला. छापलेली चार पुस्तकं असतीलच त्यात, तेवढी काढून घ्या."

कालिंदीताईंनी पेन खाली ठेवलं. "सर, मला सहा महिने द्या," त्या म्हणाल्या. "काय आहे ते न बघता टाकणं बराबर नाही."

सगळ्यांनी वळून पाहिलं. प्राचार्यांनाही इतकं नवल वाटलं की ते लगेच "बरं" म्हणून बसले. खोकी जिन्याखालच्या खोलीत गेली.

मग रोज ग्रंथालयाचं काम आटोपलं की त्या तिथे जाऊन बसायच्या. फडक्याने धूळ पुसायची, गंजलेल्या टाचण्या काढायच्या, कसर लागलेली पानं वेगळी करायची, वर्षावार गठ्ठे बांधून यादीत नोंद करायची. मी अधूनमधून चहा घेऊन जायचो.

"सर काय शोधत होते, कळलं का?" एकदा मी विचारलं.

"व्हय," त्या हसल्या. "चार लोक एकत्र बसले की निर्णय कसा होतो, ते."

सर ग्रामपंचायतींच्या सभांना जाऊन कोपऱ्यात बसायचे. कळमनुरी तालुक्यात, औंढ्याकडे, शिरड शहापूरला, जिथे बसू देतील तिथे. प्रत्येक सभेचा त्यांनी नकाशा काढला होता. प्रत्येक माणसाला एक गोल, आणि हात वर करायच्या आधी त्याने कोणाकडे पाहिलं तिकडे एक बाण. बहुतेक बाण एकाच गोलाकडे जायचे. सरांचं म्हणणं होतं की माणूस मत देतो तेव्हा एक तर स्वतःचा फायदा बघतो, नाहीतर मोठ्याचा चेहरा बघतो.

एकोणिसाव्या खोक्यात एक पातळ फाइल निघाली. सालं १९९६ ते २०११. डोंगरकड्याच्या बाजूची एक लहान ग्रामपंचायत. नऊ सदस्य, विषय एकच : मंजूर झालेला हापसा कुठे बसवायचा, तांड्यावर की ओढ्यापलीकडच्या वाडीत? चार हात तांड्यासाठी, पाच वाडीसाठी. पाचवा हात जमनाबाई बाबूसिंग राठोड यांचा. जमनाबाई तांड्याच्याच, आणि नवरा बाबूसिंग तांड्यावरचा वजनदार माणूस. नकाशात त्यांच्या गोलातून एकही बाण निघत नव्हता.

खाली सरांनी लिहिलं होतं : "सभा संपल्यावर विचारलं. म्हणाल्या, ओढणी सावरत होते, त्यांनी हात मोजला. पटलं नाही. ओढणी डाव्या हाताने धरली होती. उजवा हात पूर्ण वर होता आणि मोजून होईपर्यंत खाली आला नाही."

सर १९९९ साली पुन्हा गेले. उत्तर तेच. २००४ साली तेच. २०११च्या पानावर चारच ओळी होत्या. "या वेळी विचारलं नाही. चहा घेतला. मला माहीत आहे, हे त्यांना माहीत आहे. बाबूसिंग हयात असेतो हे पान कोणाला दाखवू नये, छापू नये."

कालिंदीताईंनी अपर्णाला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा नेहमी म्हणायचे, पुस्तक झालंय, एक प्रकरण राहिलंय. आम्हाला वाटायचं, आळस आहे."

आता प्रश्न असा होता की हे पान यादीत घ्यायचं की नाही. यादी कॉलेजच्या संकेतस्थळावर जाणार होती. बाबूसिंग आहे की नाही, कोणाला विचारणार? दोन दिवस विचार करून फेब्रुवारीतल्या एका रविवारी कालिंदीताई नांदेडच्या गाडीत बसल्या. फाइल पिशवीत होती. आखाडा बाळापूर मागे पडलं, केळीच्या बागा लागल्या, त्या उतरल्या आणि रिक्षाने तांड्यावर गेल्या.

जमनाबाई ओट्यावर तूर पाखडत बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या आसपास, एका डोळ्यात मोतीबिंदू. मुलगा रणजीत जीप धूत होता. आत भिंतीवर फेटेवाल्या माणसाचा फोटो, त्याला हार.

"आमचा बाबा," रणजीत म्हणाला. "चार वर्सं झाली. तुमी कोण, बाई?"

कालिंदीताईंनी सांगितलं. सरांचं नाव काढल्यावर जमनाबाईंचं सूप थांबलं.

"ते जाड चष्म्याचे मास्तर? हायेत का?"

"गेले, मावशी. दोन वर्षं झाली."

जमनाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "लई सोज्वळ माणूस," त्या म्हणाल्या. "येऊन एकच गोष्ट इचारायचा. शेवटी इचारायचा बंद झाला, तवा मलाच करमंना."

कालिंदीताईंनी फाइल काढली. "त्यांनी तुमच्याबद्दल लिहून ठेवलंय. तुम्ही म्हणाल तर वाचते, न्हाई तर इथंच तुमच्या हातात देऊन जाते."

"वाचा."

त्यांनी चारही भेटींची पानं सावकाश वाचली. जमनाबाई ऐकत होत्या, तोंड दुसरीकडे करून. रणजीत नळी बंद करून जवळ येऊन उभा राहिला होता. लहानपणापासून शाळेत पोरं त्याला "हात चुकलेलीचं पोरगं" म्हणून चिडवत आली होती.

"न्हाई चुकला माझा हात," जमनाबाई एकदम म्हणाल्या.

रणजीत ओट्याच्या कडेला टेकला.

"वाडीतली गोजरबाई अन् मी एकाच ओढ्यावर पाणी भरायचो. आमच्या तांड्याला हीर होती, चैतात तेवढी आटायची. त्यांना बारमास ओढाच. तिला सातवा म्हैना होता. घागर घेऊन चढताना पाय सरकला. मी होते संगं. लेकरू तिथंच गेलं. माझ्या ओटीत होतं ते, बाई. एवढंसं." त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. "म्हैन्याभरानं ती मीटिंग. घरी सांगून ठेवलं होतं, हात तांड्याला वर करायचा. मी गेले ते तसंच ठरवून गेले. पर सरपंचानं वाडीचं नाव घेतलं अन् मला ती ओंजळच दिसाय लागली. मी कुणाकडं बघितलंच न्हाई."

"मग ओढणीचं काहून सांगितलं?" रणजीतने विचारलं.

"तुझा बाप मला जित्ती ठेवला असता का? येडी म्हणाले, आंधळी म्हणाले. म्हणू दे. हापसा तर बसला."

"मला तरी सांगायचं, आई."

"तू बापाच्या पोटातला. सांजच्याला सगळं ओकला असतास."

रणजीत हसला आणि हसताहसता डोळे पुसत जीपमागे गेला.

कालिंदीताईंनी विचारलं, "मावशी, हे लिहून फाइलीत ठेवू का? का नको?"

जमनाबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "ठेवा," त्या म्हणाल्या. "मास्तरचं काम अडलं होतं ना माझ्यापायी."

कालिंदीताईंनी तिथेच ओट्यावर बसून, जमनाबाई बोलल्या तसंच्या तसं, त्यांच्याच शब्दांत लिहून काढलं. वाचून दाखवलं. जमनाबाईंनी एक शब्द बदलायला लावला, "मीटिंग"च्या जागी "सभा". पोथीत लिहितात तसं पाहिजे म्हणाल्या. मग सही केली. पंचायतीत निवडून आल्यावर शिकलेली, एकेक अक्षर सुटं सुटं लिहिलेली सही.

रणजीतला राहवलं नाही. दुसऱ्याच दिवशी तो वाडीत जाऊन गोजरबाईंना सांगून आला. त्या ऐकून म्हणाल्या, "मला तवाच ठावं होतं की रे. तिचा हात मी वळखत न्हाई व्हय? किती वर्सं एकमेकींच्या डोईवर घागरी ठेवल्या." मग काठी टेकत ओढा ओलांडून तांड्यावर आल्या. दोघी दुपारभर ओट्यावर बसल्या होत्या. ओढ्यावर गेलेल्या त्या लेकराचा विषय निघाला की नाही, हे रणजीतलाही माहीत नाही; तो म्हणतो, त्या मुख्यतः तिखटाबद्दलच बोलत होत्या.

सहा महिन्यांच्या बोलीवर सुरू झालेल्या यादीला सव्वा वर्ष लागलं. तोवर समिती येऊन गेली होती. जिन्याखालची खोली तिने पाहिली, आणि अहवालात त्या कागदांबद्दल दोन चांगली वाक्यं आली. मग रद्दीचं नाव कोणी काढलं नाही. अपर्णाने सरांचं पुस्तक एका तरुण संशोधकाकडे, प्रज्ञेशकडे, सोपवलं. तो संभाजीनगरहून येऊन आठवडाभर खोलीत बसला. जमनाबाईंचं निवेदन वाचल्यावर तो बाहेर व्हरांड्यात जाऊन बराच वेळ उभा होता. राहिलेल्या प्रकरणात ते जसंच्या तसं घ्यायचं त्याने ठरवलं. त्याआधी तांड्यावर जाऊन परवानगी घेऊन आला.

कालिंदीताई मे महिन्यात निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात भाषण करा म्हटल्यावर त्यांनी चक्क केलं, चारच मिनिटं, आणि त्यातलं निम्मं खोलीला पंखा बसवून द्या एवढ्याचसाठी. पंखा बसला.

यंदा थंडीत रणजीतने जमनाबाईंना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी हिंगोलीला आणलं. कालिंदीताईंनी त्यांना स्वतःकडेच ठेवून घेतलं. वडील गेल्यापासून रिकामी असलेली खाट पुन्हा खिडकीजवळ आली. आठ दिवसांची गोष्ट होती, तिचे एकोणीस दिवस झाले. मी भेटायला गेलो तर जमनाबाई काळा चष्मा लावून खाटेवर बसल्या होत्या आणि कालिंदीताईंना भाकरी थापायची कशी ते सांगत होत्या.

"एवढी शिकलेली बाई," त्या मला म्हणाल्या, "अन् भाकरी बघा, नकाशावानी."

कालिंदीताई तव्याशी उभ्या होत्या. "तुम्ही गप बसा, मावशी, डोळ्यांवर ताण येतो," असं म्हणून त्यांनी पहिली भाकरी माझ्या ताटात वाढली.