नाताळच्या आधीच मागितलेलं पुस्तक

एस्तेर गेल्याचं मला दूधवाल्यानं सांगितलं. पातेल्यात दूध ओतता ओतता म्हणाला, "बाई, त्या शरणपूरच्या सिस्टर गेल्या म्हणे पहाटे." मी त्याच्यावर अशी काही ओरडले की शेजारच्यांनी खिडक्या उघडल्या. म्हटलं, कोण म्हणालं तुला? काल संध्याकाळपर्यंत मी तिच्या उशाशी बसले होते, तोंडाला येईल ते बोलू नकोस! बिचारा पातेलं उंबऱ्यावर ठेवून निघून गेला. मी तशीच, केससुद्धा न विंचरता, रिक्षात बसले. आणि रिक्षा तिच्या गल्लीत वळली तेव्हा दाराबाहेर चपला दिसल्या… इतक्या चपला त्या घराबाहेर एरवी फक्त नाताळला असत.

त्याला आता महिना होत आला. परवा या पुरवणीच्या संपादकांचा निरोप आला, की बाई, दरवर्षीप्रमाणे यंदाही लिहा, नाताळच्या भेटीसाठी नव्या कादंबऱ्या कोणत्या, नवे कथासंग्रह कोणते, कुणाला काय द्यावं. मी बसले लिहायला, नाही असं नाही. नवी पुस्तकं समोर मांडली, दोन-चार उघडली, आणि एकाही पानावर माझं डोकं ठरेना. तसं कळवलं. ते म्हणाले, मग जमेल ते लिहा. मला एवढंच जमतंय.

आणि खरं सांगायचं तर हे सदर माझं नव्हतंच, ते एस्तेरचं होतं. एस्तेर साळवे गावाबाहेरच्या टीबीच्या दवाखान्यात सिस्टर होती आणि मी घराच्या पुढच्या खोलीत लायब्ररी चालवायचे, अजून चालवते. सत्तरच्या दशकातल्या एका डिसेंबरात ही बाई पांढऱ्या गणवेशात माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मला पुस्तकं हवीत. नवी. वाचून परत द्यायची नाहीत. नाताळला वॉर्डात वाटायचीत." मी विचारलं, तुमचे पेशंट सगळे ख्रिस्ती आहेत का? ती म्हणाली, "नाही, टीबीचे आहेत." मला हसू आलं आणि ती मात्र हसली नाही. म्हणाली, घरची माणसं यांचा पेला वेगळा ठेवतात, ताट वेगळं ठेवतात, गोधडी जाळून टाकतात. यांच्या हाताला लागलेली वस्तू कुणी परत घेत नाही. तर मग यांना कोरी वस्तूच देऊ या ना एक, कायमची. माझ्या लायब्ररीतली पुस्तकं देणं शक्यच नव्हतं, सभासदांना कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी एक फिरकला नसता. म्हणून मी दुकानदाराला सांगून तिला नवी मिळवून द्यायला लागले.

पण तेवढ्यानं भागेल तर ती एस्तेर कसली! प्रत्येक माणसाचं वर्णन ऐकवायची आणि मग विचारायची, याला काय देऊ? "खिडकीजवळचे मास्तर आहेत, त्यांना प्रेमबीम चालत नाही." "एक बाई आहे, तिला सासूची चांगली जिरलेली हवी." मी म्हणायचे, अगं, मी काय वैदू आहे का पुड्या बांधायला? पण बांधायचे पुड्या. डिसेंबर लागला की कोणत्या कादंबरीत कुणाचं मन रमेल एवढाच विचार डोक्यात असायचा. पुढं तेच पेपरात लिहायला लागले आणि लोकांना वाटलं, काय बाईंचं वाचन! आमच्या घरी चौदा एप्रिलची जयंती मोठी, नाताळ नव्हे. तो माझ्या घरात आला तो एस्तेरच्या पिशवीतून, करंज्यांच्या डब्यासकट.

त्यात एक पद्धत आपोआप पडून गेली होती. जे फार अशक्त असत त्यांना आम्ही कथासंग्रह द्यायचो. कारण साधं होतं. निजल्या निजल्या जाड कादंबरी हातात पेलत नाही, छातीवर ठेवली तर दम लागतो, आणि दोन खोकल्यांच्या मध्ये एखादी गोष्ट वाचून होते. पण वॉर्डातली माणसं दिवसभर एकमेकांकडं बघत पडलेली. त्यांच्या लक्षात आलं, की नाताळला ज्याला गोष्टींचं पुस्तक मिळतं, तो होळीला दिसत नाही.

एका वर्षी इगतपुरीकडचा एक खलाशी आला होता, रेल्वेतला. धिप्पाड माणूस, नुसता सापळा उरलेला. त्याच्या हातात एस्तेरनं कथासंग्रह ठेवला तर त्यानं तो उलटसुलट केला आणि म्हणाला, "सिष्टर, मला गोष्टीचं दिलं. म्हंजी माझं काय खरं नाय, आसंच ना?" आणि भिंतीकडं तोंड करून पडला. जेवेना, गोळ्या घेईना, इंजेक्शनला हात पुढं करेना. दुसऱ्या दिवशी एस्तेर धावत माझ्याकडं आली, डोक्यावरची टोपीसुद्धा काढली नव्हती. "तुझ्या माहितीतली सगळ्यात जाड कादंबरी सांग." मी म्हटलं, कुठल्या विषयावरची? "विषय गेला चुलीत! जाड पाहिजे, जाड!" दुकानात एक मिळाली, जमिनीच्या दाव्यात तीन पिढ्या खपवणारी. मला ती मुळीच आवडली नव्हती. खलाशानं ती दोन्ही हातांनी घेतली, म्हणाला, "ही सरायला लय दिस लागतील." एस्तेर म्हणाली, "लागू देत की." तो जेवला. बोट ठेवून ठेवून वाचत राहिला आणि पुढच्या वर्षी स्वतःच्या पायांनी घरी गेला.

आता तो औषधानं बरा झाला हे मला कळतं, एस्तेरला तर माझ्याहून जास्त कळत होतं. पण वॉर्डाला कोण सांगणार? त्या वर्षापासून गोष्टींच्या पुस्तकाला कुणी हात लावेना. एस्तेर म्हणायची, "सगळा खुळेपणा आहे." पण पुन्हा कधी तिनं वॉर्डासाठी कथासंग्रह घेतला नाही. आणि मी! आमच्या वडिलांनी घरात नवस नाही, अंगारा नाही, असली एक गोष्ट शिरू दिली नव्हती. त्यांची मी मुलगी, नवं पुस्तक हातात आलं की आधी त्याची जाडी बघायला लागले. अर्थात जाड कादंबरीवालेही जात होतेच. तेव्हा एस्तेर यायची, या समोरच्या खुर्चीत बसायची आणि म्हणायची, "त्याचं अर्धं राहिलं गं." माणूस गेल्याचं ती बोलायची नाही. अर्धं राहिल्याचं बोलायची.

ती निवृत्त झाली. गावात टीव्ही आला तसे माझे सभासद गळाले, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या एकमेकींना पुरून उरलो. तिचा नवरा केव्हाच गेला होता, मूलबाळ नव्हतं, पुतणी तेवढी जवळ राहायची. यंदा गणपतीच्या सुमारास तिचं पोट दुखायला लागलं. मुंबईला नेलं. कॅन्सर. उघडलं आणि तसंच शिवलं, आणि परत आणलं. मला कुणी स्पष्ट सांगितलं नाही. पण सांगायला कशाला पाहिजे? दर भेटीला तिचा हात माझ्या हातात आणखी हलका लागत होता.

मग मी वेड्यासारखी जाड कादंबरी शोधायला लागले. हसा हवं तर. पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत एक दुकान सोडलं नाही. दुकानदार म्हणाले, बाई, हल्ली कागद महाग झालाय, इतकं जाड कुणी छापत नाही. माझं त्यांच्याशी भांडण झालं. शेवटी एकाकडं नवी कादंबरी मिळाली, दोन खंडांची. एवढी बरी वाटली मला ती हातात घेताना! घरी आणून कपाटात ठेवली, नाताळला द्यायची म्हणून. कशी आहे, कुणी लिहिली आहे, बघितलंसुद्धा नाही.

दिवाळी उलटली आणि एका दुपारी एस्तेर म्हणाली, "काय ठेवलंयस माझ्यासाठी यंदा?"

"नाताळला कळेल."

"आत्ता दे."

"नाताळचं पुस्तक नाताळलाच मिळतं. तूच नियम केलायस."

"कुमुद," ती म्हणाली, "नाताळला मी नाही."

माझा तोल गेला. आजारी माणसाशी कुणी भांडत नाही, मी भांडले. म्हटलं, नाही म्हणजे काय? नाही कशी? मी दोन खंडांची आणून ठेवलीय, ती तुला वाचावीच लागेल! हे तोंडातून गेलं आणि ती माझ्याकडं बघतच राहिली. मग हसली, हसताना कळ आली तर पोट धरून हसली. "अगं, खोटं बोलायलासुद्धा दोन खंड लागले तुला?" मी रडायला लागले. ती थांबली, मला रडू दिलं, आणि मग म्हणाली, "मला गोष्टींचं आण."

नाही म्हटलं. मरून जाईन पण आणणार नाही म्हटलं. ती आपली एकच सांगत होती, की मी कितीजणांच्या उशाला उघडी पुस्तकं बघितली आहेत, मला तसं मध्येच जायचं नाही. मला काहीतरी पुरं ऐकायचंय. पुतणी आतून धावत आली, काय झालं म्हणून. काय सांगणार तिला? मला वाटत होतं, मी ते पुस्तक नेलं नाही तर तिला थांबावं लागेल. नाताळपर्यंत तरी. इतकं साधं गणित होतं माझं, आणि ते चुकीचं आहे हे माहीत असूनही सुटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नेलं. काय करणार? एका नव्या लेखिकेचं, बारीकसं. एस्तेरनं ते एका हातात धरून बघितलं आणि म्हणाली, "छान. पेलतंय." तिला वाचवत नव्हतंच, मीच पहिली गोष्ट वाचली. एक बाई नवऱ्याचं घर सोडून शिलाई मशीन घेऊन एसटी स्टँडवर येते. कंडक्टर म्हणतो, मशीन टपावर टाका. ती म्हणते, मोडेल, नाही टाकणार. बस निघून जाते, बाई मशीनवर बसून राहते. मी पुस्तक मिटलं.

"मग?" एस्तेर म्हणाली.

"मग काय? संपली."

"संपली कशी? ती तिथं बसलीय."

"नव्या कथा अशाच असतात, तिथंच संपतात."

"खड्ड्यात गेल्या तुझ्या नव्या कथा. दिवस मावळतोय, बाईमाणूस एकटी, ती झोपायची कुठं?" आणि तिनं माझं मनगट धरलं. त्या हाडांमध्ये एवढा जोर कुठून आला देव जाणे. "सांग ना गं पुढं. कुमुद… सांग ना."

पुरं ऐकायचंय म्हणून भांडलेली ती बाई. तिला पुरं नकोच होतं हो. तिला पुढं हवं होतं. मला इतकी भीती वाटली त्या क्षणी, तिच्या मरणाचीसुद्धा तोवर तशी वाटली नव्हती. आणि मी सांगायला लागले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांना नावं ठेवली, स्वतः एक ओळ रचली नव्हती. म्हटलं, मग दुसरी बस आली. तिचा कंडक्टर बरा होता, त्यानं मशीन आत घेतलं. एस्तेरनं डोळे मिटले आणि म्हणाली, "हां."

रोज चारला मी जायचे आणि सांगायचे. बाई नाशिकला उतरली. पंचवटीत खोली मिळाली. घरमालकीण खवट निघाली. एस्तेर मध्येच म्हणायची, "नवरा येईल शोधत. येऊ देऊ नकोस." मी म्हणायचे, आला तर? "तिच्या हातात कात्री आहे ना?" एक दिवस म्हणाली, घरमालकिणीचा जरा पाय मोडू दे, म्हणजे मऊ होईल. मोडला मी पाय! रात्रभर विचार करून जायचे, उद्या काय घालू, काय घालू. ती बाई जितकी अडचणीत तितकी एस्तेर जागी राहायची, म्हणून मी त्या गरीब बाईला अडचणीत टाकत राहिले. पाऊस गळवला, सुई मोडली, गिऱ्हाईक पळवलं. एस्तेरचा आवाज गेला तरी ओठ हलायचे. "मग?" मला कळायचं.

शेवटच्या दिवशी मी तिला सांगितलं, की बाईला शाळेच्या गणवेशांचं काम मिळालंय, उद्या मुलांची मापं घ्यायला जायचंय. आणि उठले. मुद्दाम तिथं सोडलं. म्हटलं, मापं घेतलेली ऐकायला तरी थांबेल.

नाही थांबली…

दोन खंडांची ती कादंबरी कपाटात तशीच आहे. बरी आहे की वाईट, मला विचारू नका. यंदा मला कुठल्याच पुस्तकाचं काही सांगता येणार नाही. चार वाजले की मी या पुढच्या खोलीत बसते आणि मोठ्यानं बोलते. सुरुवातीला लाज वाटायची, आता वाटत नाही. मापं घेऊन झाली. कापड आलं. एक मुलगा फार उंच निघाला, त्याला कापड पुरेना. मध्येच मी थांबते, तिला विचारायला जागा म्हणून, आणि रस्त्यावरच्या सायकलींच्या घंट्या तेवढ्या ऐकू येतात.

तर नाताळला तुमच्यापैकी कुणाचं इकडं येणं झालंच, तर भेट काही आणू नका. चारच्या सुमारास या. समोरच्या खुर्चीत बसा, आणि मी बोलता बोलता थांबले की "मग?" एवढं म्हणा. म्हणा हो कुणीतरी.