सोनोग्राफीच्या खोलीतली मांजर

माझी ताई सोनोग्राफीच्या खोलीत काम करते. तिथे तिला सगळे मौनीबाई म्हणतात. खरं तर ती अखंड बोलत असते, फक्त कामाबद्दल अवाक्षर काढत नाही. छाती तपासायला आलेली बाई पलंगावर आडवी झाली की तिची नजर मशीनवर नसते, ताईच्या तोंडावर असते. ताईची भुवई जरा हलली तरी ती बाई धसकते. काय दिसलं ते सांगायचं काम डॉक्टरांचं. ताईने मशीनचा प्रोब अंगावर फिरवायचा, चित्रं काढायची आणि तोंडाला कुलूप लावायचं.

पण नुसत्या गप्प बसण्यानेही सगळं कळतं, हे तिला सुरुवातीलाच उमगलं. सगळं ठीक असलं की ती गप्पा मारायची, काही सापडलं की गप्प व्हायची. एक बाई तर तेवढ्यावरूनच तपासणी अर्धी टाकून रडत निघून गेली. तेव्हापासून ताईने एक गोष्ट ठरवून टाकली, शेजारच्या मांजरीची. ती मांजर दोन घरी जेवते. एका घरी तिला राणी म्हणतात, दुसऱ्या घरी चोरटी, आणि दोन्ही घरांना वाटतं ती आपलीच. ही गोष्ट प्रत्येकीला, त्याच शब्दांत, त्याच आवाजात. काही सापडो न सापडो, मांजरीत फरक पडत नाही. हाताखालच्या मुलीकडूनही ताईने ती पाठ करून घेतली. त्या मुलीला सगळे 'नवी' म्हणतात. लग्न झालं, दोन पोरं झाली, तरी ती नवीच.

मध्यंतरी ताई भाऊजींना स्वयंपाक शिकवायला लागली. चहा करायचा तर ज्यांना साखरेचा डबा सापडत नाही, ते भाऊजी कांदा चिरताना बघून मी आधी पोट धरून हसले. मग तिने कपाटं आवरायला काढली. मग तिची चांगली शाल माझ्या हातात ठेवली, म्हणाली, "तुला थंडी जास्त वाजते." तेव्हा माझं हसू मावळलं. नाक खुपसण्याबद्दल मी घरात प्रसिद्ध आहे. तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"कुठे निघालीयेस तू?"

ती पातेलं पुसत राहिली. मग म्हणाली, "डावीकडे गाठ आहे. मी बघितलीय."

अंघोळीच्या वेळी हाताला लागली होती. जेवणाच्या सुट्टीत खोलीचं दार आतून लावून तिने स्वतःच प्रोब लावला. पडद्यावर काहीतरी काळपट, गढूळ दिसलं. तिने मशीन थांबवलं, जेल पुसलं, पुढच्या बाईला आत घेतलं आणि मांजरीची गोष्ट सांगितली.

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवायचं काय त्यात? रोज तेच बघते मी."

मला राग आला. घट्ट छाती असली तर मॅमोग्राफीत सगळंच पांढरं येतं, गाठही पांढरीच, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा सोनोग्राफीला टाळाटाळ करू नका, असं बायकांना कानीकपाळी ओरडून सांगणारी ही. आणि स्वतःची वेळ आली तर भाऊजींना कांदा चिरायला शिकवते. आईचं नाव आम्ही दोघींनीही काढलं नाही. आई याच दुखण्याने गेली होती, फार उशिरा कळलं म्हणून.

"उद्या तू पेशंट म्हणून जायचंस," मी म्हणाले. "नाहीतर आत्ता भाऊजींना सांगते."

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्याच खोलीत पलंगावर आडवी झाली. खाली तोच कागद अंथरलेला, जो ती रोज दुसऱ्यांसाठी फाडते. दिवा मंद केलेला. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. नवीने जेलची बाटली उपडी केली.

"मॅडम, डावा हात डोक्याखाली घ्या. गार लागेल हं."

"माहितीये," ताई म्हणाली, पण अंगाला जेल लागताच दचकली. इतकी वर्षं बायका जिच्या तोंडाकडे बघत आल्या, ती आता नवीच्या तोंडाकडे बघत होती. आणि नवीच्या तोंडावर काही म्हणजे काही नव्हतं.

"आमच्या शेजारी ना, एक मांजर आहे," नवीने सुरुवात केली. "ती दोन घरी जेवते."

ताईने डोळे मिटले. आपणच बांधलेल्या भिंतीवर तिला आता डोकं आपटावं लागत होतं.

"एका घरी तिला राणी म्हणतात," नवी म्हणाली आणि थांबली. तिने कसलीशी बटणं दाबली, पुन्हा बघितलं, आणि सगळे नियम मोडून पडदा ताईकडे वळवला.

"मॅडम, तुम्हीच बघा. पाण्याची गाठ आहे. पडद्याचा उजेड किती वाढवून ठेवला होतात तुम्ही? म्हणून गढूळ दिसली असेल."

पडद्यावर काळाभोर गोल होता, कडा स्वच्छ. ताई बघतच राहिली. मग हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. नवीही हसली. "डॉक्टर बघतीलच, पण मला तरी काळजीचं वाटत नाही. आणि मॅडम, फक्त डावीकडेच बघितलंत? उजवी बाजू कुणी बघायची? आम्हाला तर केवढं ओरडता." ती बडबडत पलीकडे गेली. तिच्या धाकट्याने शाळेत चपला कशा हरवल्या ते सांगायला लागली. मीही स्टुलावर सैल झाले. भाऊजींना आता पोळ्याही शिकवू या, असं काहीतरी बोललेही.

नवीचा हात उजवीकडे, काखेच्या जरा अलीकडे फिरत होता. धाकट्याची एक चप्पल सापडली होती, दुसरी सापडायची होती.

"आमच्या शेजारी ना," नवी म्हणाली, "एक मांजर आहे."

तोच आवाज, तेच शब्द. पडदा तिने आपल्याकडे वळवून घेतला होता. ताईचा हात माझा हात शोधत आला आणि सापडल्यावर गच्च धरून राहिला.

नवीचा आवाज दुसऱ्या वाक्याला अडखळला.

"थांबू नकोस," ताई छताकडे बघत म्हणाली. "हात हलका ठेव, काखेपर्यंत नीट बघ. लहान गाठ असली तर नजरेतून सुटते. आणि गोष्ट पुरी सांग, पुढे काय झालं ते."