नसलेल्या पोराचा मामा

मला सख्खी बहीण नाही. तरीही दर्यापूर, अंजनगाव, चांदूर बाजार या भागात मी बऱ्याच पोरांचा मामा म्हणून मिरवून आलो आहे. त्यातला कुणी पुण्याला कंपनीत आहे, कुणी वीज मंडळात, एक तर चक्क नेव्हीत आहे. यांतलं एकही पोरगं आजवर जन्माला आलेलं नाही. ही सगळी करामत दीपमालाताई तायडे यांची. माणसानं शाळेतून रिटायर झाल्यावर झाडाला पाणी घालत सुखानं बसावं, हे त्या बाईला मान्य नाही.

ताई अमरावतीत माझ्या शेजारी राहतात. त्यांची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात, मानसिक आजारांच्या विभागात समाजसेविका म्हणून गेली. मी रिटायर झालो तेव्हा मला शाल मिळाली. त्या झाल्या तेव्हा त्यांना दुप्पट काम मिळालं, कारण त्यांचा फोन नंबर साऱ्या वऱ्हाडात पसरलेला होता. पोरगं कॉलेजला जायचं नाव घेत नाही, पोरगी जेवत नाही, कुणी हातावर ब्लेडचे ओरखडे काढलेत, असे फोन येतात. फोन करणारे कधी आईबाप असतात, कधी वर्गशिक्षक, तर कधी तालुक्याचे डॉक्टरही. सर्दी-तापाचं आम्ही बघू, पण या पोराला कुठे पाठवू, असं ते विचारतात. कोणता डॉक्टर तरण्या पोरांशी नीट बोलतो, कोणता बोलताना घड्याळ बघतो, कुठे फुकटात होतं आणि कुठे नुसतं समुपदेशन पुरेल, हे ताईंना पाठ आहे. त्या स्वतः औषध देत नाहीत. फक्त दार दाखवतात, आणि माणूस त्या दारातून आत जाईपर्यंत त्याच्या मागे लागतात.

आमच्याकडे डॉक्टर सापडणं अवघड नाही, त्याच्या दारात उभं राहणं अवघड आहे. आपल्याला कुणी पाहिलं तर? म्हणून ताई अमरावतीची पोरं अकोल्याला पाठवतात आणि अकोल्याची अमरावतीला. दोन्हीकडचे लोक तोंड लपवून निघतात आणि मधे मूर्तिजापूरच्या स्टँडवर एकाच टपरीवर चहा पितात. सगळे एकमेकांना सांगतात, सहज चाललो लग्नाला. इतकी लग्नं असती तर वऱ्हाडात मंगल कार्यालयं पुरली नसती.

माझी नेमणूक झाली ती घरी जाऊन भेटण्यासाठी. काही पोरं घराबाहेरच पडत नाहीत, त्यांच्याकडे ताईंना जावं लागतं. अनोळखी बाई घरात शिरली की गल्ली विचारते, कोण, कुठली, कशासाठी. पण तरणी पोरगी असलेल्या घरी एक बाई आणि एक टकला म्हातारा पिशवी घेऊन उतरले, की गल्ली काहीच विचारत नाही. ती समजून जाते आणि खिडकीतून हसून बघते. मुलगी बघायला पाहुणे आले! ताईंनी हा आपला रिवाज बरोबर कामाला लावला. फक्त मुलाचा मामा म्हणून जाणारा त्या घराच्या जातीचा असावा लागतो, नाहीतर गल्ली लगेच कान टवकारते. बौद्ध घरी जायचं असेल तर ताईंचे भाऊ अनुप मामा होतात, कुणब्यांच्या घरी मी. ताई तेव्हा माझ्या शाळेतल्या शिक्षिका म्हणून बरोबर येतात. आरोग्याच्या कामातही जात बघावी लागते, याचा मला फार राग येतो. ताईंना येत नाही असं नाही, पण त्या म्हणतात, आधी पोरगी बरी होऊ दे, मग भांडू.

या नाटकाला ताईंची एकच अट असते. गल्लीला काही सांगा, नातेवाइकांना काही सांगा, पण पोरीला आधी खरं सांगायचं.

दर्यापूरच्या नत्थुजींना त्यांनी हे फोनवर बजावून सांगितलं होतं. नत्थुजी म्हणजे काळ्या जमिनीचा सुखवस्तू शेतकरी, कापूस आणि सोयाबीनवाला. त्यांची पौर्णिमा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. आधीच्या दिवाळीपासून ती हात धुवायची. म्हणजे आपण धुतो तसे नाही. नळाचं पाणी संपलं की हौदाचं, हौदाचं संपलं की प्यायचं. हाताची सालं निघाली, रक्त आलं, तरी ती धूतच राहायची. कुणाला तिचा हात लागला तर त्याला आजार होईल आणि तो मरेल, असं तिच्या मनानं घेतलं होतं. कॉलेज सुटलं. आईच्या, जमुनाबाईंच्या, हातचं जेवण सुटलं. परीक्षा जवळ आली होती आणि पोरगी काडीसारखी झाली होती. ताई मला जीपमध्ये म्हणाल्या की आज ही अकोल्याला यायला कबूल झाली नाही तर पुढे फार जड जाईल. मी त्यांना इतकं गंभीर क्वचितच पाहिलं आहे.

घरासमोर उतरलो तेव्हा शेजारच्या पार्बताबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. ही बाई म्हणजे त्या गल्लीचं आकाशवाणी केंद्र. त्यांनी मला डोक्यापासून चपलांपर्यंत तपासलं आणि पसंतीची मान हलवली.

आत गेलो तर सतरंजी अंथरलेली, भिंतीवरचे फोटो पुसलेले. मला वाटलं, वा, नाटक झकास वठवलंय. पोहे आले. ते पौर्णिमाच घेऊन आली, साडी नेसून, मान खाली घालून, आणि हातांवर पदर ओढून. पदराखाली पोह्यांचा ट्रे होता. तिनं तो माझ्यासमोर ठेवला आणि पदर बाजूला केला. ते हात मी विसरणार नाही. लाल, चिरलेले, उन्हाळ्यातल्या शेतासारखे.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पायले का माये हात? आता तुमच्या भाच्याले सांगा, अशी पोट्टी नाही पायजे म्हणून. अन् जा."

एवढं बोलून ती न्हाणीत गेली आणि तिनं आतून कडी लावली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

ताईंनी नत्थुजींकडे पाहिलं. नत्थुजींनी सतरंजीकडे पाहिलं. हळूहळू उलगडा झाला. त्यांनी भावाला खरं सांगितलं होतं, साडूला सांगितलं होतं, जमुनाबाईंना अर्थातच माहीत होतं. फक्त पौर्णिमाला कुणी सांगितलं नव्हतं. ताईंनी कारण विचारलं तर ते अगदी भाबडेपणानं म्हणाले, "आता बाई, सोयरीक आली म्हणजे पोरीले कोण सांगते? तिले तयार हो म्हणायचं."

यात खोटं काय होतं? आमच्याकडे पाहुणे येणार हे सोनाराला कळतं, न्हाव्याला कळतं, आणि सगळ्यात शेवटी पोरीला. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. आम्ही गल्लीला फसवायला गेलो आणि जिला फसवायचं नव्हतं तीच एकटी फसली. आजारानं अर्धी झालेली ती पोरगी आता लग्नाच्या भीतीनं कोंडून बसली होती. मला नत्थुजींवर ओरडावंसं वाटत होतं. ताई मात्र उठल्या, न्हाणीच्या दाराबाहेर ओल्या फरशीवर साडी सावरून बसल्या आणि नळाच्या आवाजावर आवाज चढवून बोलायला लागल्या.

त्या म्हणाल्या की मी सोयरीक घेऊन आलेली नाही, मी दवाखान्यात काम करत होते. तुझ्या हातांबद्दल ऐकून आले. तुला आधी सांगायला पाहिजे होतं, ते झालं नाही, आणि ती चूक आम्हा मोठ्यांची आहे. यानंतर त्यांनी तिला सांगितलं की या आजाराला मंत्रचळ म्हणतात, मनात एकच विचार पुन्हा पुन्हा येतो आणि हात धुतल्याशिवाय चैन पडत नाही. पुष्कळांना होतो आणि उपचारानं पुष्कळ आराम पडतो. अकोल्याला डॉ. रश्मी म्हणून बाई आहेत, त्या तुझं आधी पूर्ण ऐकून घेतील.

नळ चालूच होता. मग आतून आवाज आला.

"पोट्टा नाहीच काय?"

"नाही," ताई म्हणाल्या.

"मंग थे मामा?"

"मास्तर आहेत ते. रिटायर झालेले. भाचा-बिचा कोणी नाही त्यांले."

ताईंनी मला खूण केली. मी दाराजवळ गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा बंद न्हाणीपुढे उभा राहून स्वतःची खरी ओळख करून दिली. सहदेव मास्तर, मराठी आणि इतिहास, लग्न जमवण्याचा अनुभव शून्य. आतून एक विचित्र आवाज आला. जमुनाबाई घाबरल्या. त्यांना वाटलं रडते आहे. पण ती हसत होती. मग हसता हसता रडायला लागली, आणि जमुनाबाईही बाहेर पदरात तोंड घालून रडायला लागल्या.

पौर्णिमानं शेवटचं विचारलं, "मी पागल आहो का, ताई?"

"नाही गं बाई. तू आजारी आहे. अन् तुले कोणी काही विचारलं नाही, ते आमचं पागलपण."

नळ बंद झाला. कडी निघायला आणखी वेळ लागला, पण निघाली. त्या दिवशीचे पोहे मी गार झालेले खाल्ले आणि आजवरच्या सगळ्या बघण्यांत तेच चांगले लागले.

पुढच्या आठवड्यात ती अकोल्याला गेली, स्वतःच्या पायांनी, बापाला बरोबर घेऊन. गोळ्या सुरू झाल्या. त्याबरोबर डॉ. रश्मी तिला हात न धुता थांबायचा सराव द्यायच्या, आज थोडा वेळ, उद्या थोडा जास्त. ऐकायला सोपं वाटतं. नत्थुजी सांगायचे की पोरगी घामाघूम होऊन खाटेच्या दांडीला धरून बसते, आणि आपण तिच्यासमोर बसून हरभरे सोलतो, कारण नुसतं बघत बसणं सोसवत नाही. मधे एकदा सगळं बिघडलं, पुन्हा सावरलं. परीक्षा त्या वर्षी हुकली. पुढच्या वर्षी तिनं दिली.

दरम्यान पार्बताबाईंना चैन नव्हतं. सोयरिकीचं काय झालं, हे त्या रोज विचारायच्या. नत्थुजींनी पत्रिका जुळत नाही म्हणून सांगितलं, मग मुलाची बदली झाली म्हणून सांगितलं. माझ्या त्या भाच्याला त्यांनी शेवटी दुबईला पाठवून दिलं. हे ऐकून ऐकून पौर्णिमाच कंटाळली. एके दिवशी भर ओट्यावर तिनं पार्बताबाईंना सांगून टाकलं की काकू, सोयरीक वगैरे काही नव्हती, मनाच्या आजाराच्या बाई होत्या, मी अकोल्याला गोळ्या घेते आणि मला बरं वाटतं. नत्थुजींनी ताईंना घाबरून फोन केला. आता पोरीचं लग्न कसं होणार, सगळं गाव बोलणार. मलाही वाटलं, आकाशवाणीवर बातमी गेली, आता थांबायची नाही. पण पार्बताबाई गप्प झाल्या. गल्लीत कुणालाही त्यांनी शब्द सांगितला नाही, आणि हे फारच भयंकर लक्षण आहे असं आम्हा सगळ्यांचं मत पडलं.

परवा सकाळी मी कुंड्यांना पाणी घालत होतो. ताईंच्या फाटकाशी ऑटो थांबला आणि त्यातून पार्बताबाई उतरल्या. मागून त्यांची अकरावीतली नात प्रतीक्षा, आणि शेवटी पौर्णिमा. तिनं ऑटोवाल्याच्या हातून सुटे पैसे घेतले, तसेच पर्समध्ये टाकले आणि त्याच हातानं प्रतीक्षाचा हात धरला.

पार्बताबाईंनी मला ओळखलं. त्या तिथूनच, आख्खी गल्ली ऐकेल अशा आवाजात म्हणाल्या, "मामा, तुमी राहू द्या. आमाले डॉक्टर पायजे. नात झोपत नाही, रडून राहिली नुसती."

ताई बाहेर आल्या. त्यांनी आधी प्रतीक्षाकडे पाहिलं, मग पार्बताबाईंना विचारलं, पोरीला सांगितलंय ना कुठे आलोय ते?

"हे काय विचारणं झालं?" पार्बताबाई म्हणाल्या. "पौर्णिमानं पहिले तिलेच सांगतलं. आमाले मागून."